रिपब्लिकन राष्ट्रीय समितीच्या १६८ सदस्यांना खुले पत्र: मतदार आला होता, मत दुसरीकडे गेले

प्रति,
रिपब्लिकन राष्ट्रीय समितीचे सर्व सदस्य
(५० राज्ये, राजधानी वॉशिंग्टन आणि ५ प्रदेश, प्रत्येकी तिघे)

जानेवारी २०२३

सन्माननीय सदस्यहो,

या महिन्याच्या शेवटी तुम्ही कॅलिफोर्नियातल्या डाना पॉइंटला जमणार आहात. समितीच्या अध्यक्षपदाची निवडणूक आहे. रॉना मॅकडॅनियल यांच्यासमोर हरमीत ढिल्लों आणि माइक लिंडेल आहेत, आणि नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत काय चुकले याची प्रत्येकाच्या गोटात वेगळी उत्तरे फिरत आहेत. पैसा कमी पडला, टपाली मतदानाने घात केला, आपला मतदार घराबाहेरच पडला नाही. आम्ही इथे राहणारे आणि इथेच मत देणारे काही मराठी लोक. राज्यांनी प्रमाणित केलेले निकाल काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) वाचायची आम्हाला खोड आहे. त्या आकड्यांपुढे तिसरे उत्तर टिकतच नाही. पहिली दोन अर्धी खरी आहेत, पण ज्या अर्थाने तुम्ही ती देता त्या अर्थाने नाही.

आधी अपेक्षा काय होती ते पाहू. अध्यक्षाच्या चार वर्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणाऱ्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला फटका बसतो, हा इथला जुना नियम. २०१० मध्ये ओबामांच्या पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या ६३ जागा गमावल्या, २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या पक्षाने ४०. या वेळी महागाईचा दर जूनमध्ये ९.१ टक्क्यांवर गेला होता, पेट्रोल गॅलनला ५ डॉलरवर पोहोचले होते आणि बायडन यांच्या कामावर नाराज असलेले लोक खूश असलेल्यांपेक्षा बरेच जास्त होते. प्रतिनिधिगृहातले तुमचे नेते केव्हिन मॅककार्थी यांनी वर्षभर आधी साठेक जागांची भाषा केली होती. हाती आल्या ९. बहुमताला २१८ लागतात, तुमच्या झाल्या २२२. त्या तुटपुंज्या आघाडीचा परिणाम म्हणजे सभापती निवडायला या महिन्यात लागलेल्या पंधरा फेऱ्या. सिनेटमध्ये तर एक जागा घटली, डेमोक्रॅट ५१ वर गेले. त्यांचा एकही विद्यमान सिनेटर पडला नाही. मिशिगन विधिमंडळाची दोन्ही सभागृहे, मिनेसोटाचे सिनेट आणि पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधिगृह तुमच्या हातून गेले. उलट दिशेने एकही सभागृह आले नाही.

आता 'मतदार घरी बसला' या म्हणण्याकडे वळू. देशभरातल्या प्रतिनिधिगृहाच्या मतांची बेरीज केली तर तुमच्या उमेदवारांना डेमोक्रॅटांपेक्षा सुमारे ३० लाख मते जास्त पडली, म्हणजे जवळपास ३ टक्क्यांची आघाडी. काही मतदारसंघांत समोर डेमोक्रॅट उमेदवारच नव्हता, त्याची सूट दिली तरी तुम्ही पुढेच राहता. राष्ट्रीय एक्झिट पोलमध्ये मतदारांपैकी ३६ टक्क्यांनी स्वतःला रिपब्लिकन म्हटले, ३३ टक्क्यांनी डेमोक्रॅट. म्हणजे तुमची माणसे त्यांच्यापेक्षा जास्त संख्येने आली होती. उरलेल्या ३१ टक्के अपक्ष मतदारांत मात्र डेमोक्रॅट २ टक्क्यांनी पुढे राहिले. २०१० मध्ये याच गटाने सत्ताधाऱ्यांच्या विरोधात १९ टक्क्यांची आघाडी दिली होती, २०१८ मध्ये १२ टक्क्यांची. त्याच पोलमधला आणखी एक आकडा आमच्या मते सगळ्यात बोलका आहे. बायडन यांच्या कामावर 'थोडेसे नाराज' असलेल्या मतदारांनी डेमोक्रॅटांना ४९ आणि तुम्हाला ४५ टक्के मते दिली. सरकारवर नाराज असलेला मतदार विरोधी पक्षाकडे जातो, या हिशेबावर तुमची सगळी मोहीम उभी होती. तो केंद्रावर आला, तुमच्या काही उमेदवारांना त्याने मत दिले आणि काहींना जाणूनबुजून वगळले.

हे नेमके कसे घडले ते जॉर्जियात सगळ्यात स्वच्छ दिसते. मतपत्रिका एक, दिवस तोच, मतदार तेच. गव्हर्नरपदासाठी ब्रायन केम्प यांना सुमारे २१ लाख ११ हजार मते पडली. सिनेटसाठी हर्शेल वॉकर यांना १९ लाख ८ हजार. म्हणजे दोन लाखांहून अधिक लोकांनी केम्प यांच्या नावापुढे खूण केली आणि वॉकर यांचे नाव ओलांडून पुढे गेले. त्यांतले काही डेमोक्रॅट राफाएल वॉर्नॉक यांच्याकडे गेले, काही छोट्या लिबर्टेरियन पक्षाच्या चेस ऑलिव्हर यांच्याकडे (त्यांना ८१ हजारांवर मते आहेत), काहींनी रकाना कोरा सोडला. वॉर्नॉक यांची आघाडी होती अवघी ३७ हजार सहाशेच्या आसपास. या दोन लाखांतला पाचातला एक जरी राखता आला असता, तरी वॉकर पहिल्या फेरीत मागे पडले नसते.

कुणालाच निम्म्याहून जास्त मते न मिळाल्याने ६ डिसेंबरला दुसरी फेरी झाली, आणि तिच्यात केम्प यांनी आपली घरोघर फिरणारी यंत्रणा सिनेटमधले तुमचे नेते मॅककॉनेल यांच्या गटाला वापरू दिली. जॉर्जियात त्याहून चांगली यंत्रणा कुणाकडे नव्हती. तरीही वॉर्नॉक यांची आघाडी घटण्याऐवजी ९९ हजारांच्या घरात गेली, कारण आता मतपत्रिकेवर केम्प नव्हते. यंत्रणा उसनी मिळते, उमेदवार मिळत नाही. वॉकर वर्षानुवर्षे टेक्सासमध्ये राहणारे. जॉर्जियात मतदार म्हणून त्यांनी नाव घातले ते ऑगस्ट २०२१ मध्ये. गर्भपातावर संपूर्ण बंदी हवी म्हणणाऱ्या या उमेदवारावर, त्यांनीच एका गर्भपाताचा खर्च दिल्याचा आरोप ऑक्टोबरच्या सुरुवातीला झाला. त्यांनी तो नाकारला, पण प्रचाराचा उरलेला महिना त्या नकारातच गेला.

बाकीच्या राज्यांत हेच चित्र कमी-अधिक फरकाने आहे. ओहायोत गव्हर्नरपदासाठी माइक डिवाइन २५ टक्क्यांनी जिंकले, सिनेटसाठी जे. डी. व्हान्स ६ टक्क्यांनी. व्हान्स निवडून आले म्हणून ही तफावत नजरेआड झाली, पण त्यांना पार नेण्यासाठी मॅककॉनेल यांच्या गटाने २ कोटी ८० लाख डॉलरच्या जाहिराती राखून ठेवल्या होत्या, आणि ते पैसे दुसऱ्या राज्याच्या वाट्याचे होते. न्यू हॅम्पशरमध्ये गव्हर्नर क्रिस सुनुनू यांना ५७ टक्के, सिनेटचे उमेदवार डॉन बोल्डक यांना ४४. ॲरिझोनात खजिनदारपदाच्या किंबर्ली यी यांना गव्हर्नरपदाच्या केरी लेक यांच्यापेक्षा लाखाहून अधिक आणि सिनेटच्या ब्लेक मास्टर्स यांच्यापेक्षा दोन लाखांच्या आसपास जास्त मते पडली. यी घसघशीत फरकाने जिंकल्या. लेक १७ हजारांनी पडल्या आणि मास्टर्स सव्वा लाखाने. ज्या राज्यात जॉन मॅककेन सहा वेळा सिनेटवर निवडून आले, तिथे प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत व्यासपीठावरून मॅककेनच्या समर्थकांना सभेतून चालते व्हा असे सांगण्यात काय व्यवहार होता, हे लेक यांच्या सल्लागारांनाच ठाऊक. ॲटर्नी जनरलपदाची लढत फेरमोजणीनंतर २८० मतांनी गेली.

नेवाडाचा हिशेब वेगळा आहे, आणि भारतातून आलेल्या मतदाराला तो लगेच कळतो. तिथे १९७० च्या दशकापासून मतपत्रिकेवर 'यांपैकी कोणीही नाही' असा पर्याय आहे, आपल्या 'नोटा'सारखा. ॲडम लॅक्सॉल्ट सिनेटची जागा ७,९२८ मतांनी हरले. त्या लढतीत 'कोणीही नाही'ला १२ हजारांवर मते होती. त्याच मतपत्रिकेवर जो लोम्बार्डो १५ हजार मतांनी गव्हर्नर झाले. लोम्बार्डो पोलीस खात्यातले, २०२० च्या अध्यक्षीय निकालाचा वाद त्यांनी अंगाला लावून घेतला नाही. लॅक्सॉल्ट २०२० मध्ये ट्रम्प यांच्या नेवाडातल्या मोहिमेचे सहअध्यक्ष होते आणि निकालाविरुद्धच्या दाव्यांचा चेहराही तेच होते. दोघांच्या निकालांतली दरी इतर राज्यांच्या मानाने लहान आहे, पण एक सिनेटची जागा त्या दरीतच गेली.

मग असे उमेदवार आले कुठून? महाराष्ट्रात तिकीट दिल्ली किंवा मुंबई वाटते, नाराज मंडळी बंडखोरी करतात. इथे तिकीट प्राथमिक निवडणुकीत मतदार देतो, आणि बहुतेक राज्यांत निम्म्याहून जास्त मते मिळवण्याची अट नाही. सगळ्यांत पुढे असला की झाले. मेहमेट ऑझ यांना पेनसिल्व्हेनियात सिनेटसाठी ३१ टक्के मते मिळाली आणि ते ९५१ मतांनी उमेदवार झाले. व्हान्स ३२ टक्क्यांवर, बोल्डक ३७, मास्टर्स ४०, पेनसिल्व्हेनियातले गव्हर्नरपदाचे मास्ट्रियानो ४४. सात-आठ जणांच्या गर्दीत ट्रम्प यांचा पाठिंबा पंधरा-वीस टक्के मते फिरवू शकतो, आणि एवढ्यात निकाल लागतो. नोव्हेंबरात मात्र तोच पाठिंबा काठावरच्या मतदाराला दूर लोटतो. वॉकर यांच्या बाबतीत हा दोष देता येणार नाही, हे आम्ही मानतो. जॉर्जियात दुसऱ्या फेरीची तरतूद आहे आणि ते पहिल्याच फेरीत ६८ टक्के घेऊन आले. तिथे खोट छाननीची होती: नाव मोठे, पाठिंबा मोठा, म्हणून कुणी कागद तपासले नाहीत.

त्यात डेमोक्रॅटांनी तुमच्याच प्राथमिक निवडणुकांत पैसे ओतले. पद्धत सोपी होती. 'हा उमेदवार फारच ट्रम्पवादी, फारच कडवा' अशी टीकेच्या सुरातली जाहिरात रिपब्लिकन मतदारांच्या वाहिन्यांवर लावायची. तुमच्या मतदाराला ती शिफारस वाटते. पेनसिल्व्हेनियात मास्ट्रियानो, इलिनॉयमध्ये बेली, मेरिलँडमध्ये कॉक्स, न्यू हॅम्पशरमध्ये बोल्डक आणि बर्न्स, मिशिगनच्या तिसऱ्या मतदारसंघात गिब्स. बोल्डक यांच्या वेळी तर ही मदत त्यांचे नाव न घेताच झाली, त्यांचे प्रतिस्पर्धी चक मोर्स यांच्यावर हल्ला चढवून. सहाही जण प्राथमिक फेरी जिंकले, सहाही नोव्हेंबरात पडले. मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघातून बेळगावचे श्री ठाणेदार निवडून आल्याची बातमी मराठी वृत्तपत्रांत आली. ती डेमोक्रॅटांची सुरक्षित जागा. तुम्ही बघण्यासारखा मतदारसंघ तिसरा आहे. ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिले म्हणून तुमच्या मतदारांनी तिथले तुमचेच खासदार पीटर मायर यांना काढले, डेमोक्रॅटांनी सव्वाचार लाख डॉलरची जाहिरात करून त्याला हातभार लावला आणि ती जागा १३ टक्क्यांनी जिंकून घेतली. वॉशिंग्टन राज्याच्या तिसऱ्या मतदारसंघात बाहेरच्या पैशाचीही गरज पडली नाही. तुमच्याच खासदार जेमी हेरेरा बॉयट्लर यांना तुम्हीच घालवले आणि ट्रम्प यांनी २०२० मध्ये जिंकलेली जागा २,६२९ मतांनी घालवली.

मिशिगनमध्ये तर प्रकरण उमेदवारी अर्जातच अडकले. गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीसाठी तिथे १५,००० वैध सह्या लागतात. मोहिमा त्या सह्या कंत्राटदाराकडून दर सहीमागे पैसे देऊन गोळा करतात, आणि मुदत जवळ येते तसा भाव चढतो. भाव चढला की एका टेबलाभोवती बसून एकमेकांच्या हस्ताक्षरात सह्या ठोकणारेही निघतात. राज्याच्या निवडणूक विभागाला असे ३६ जण आणि किमान ६८ हजार अवैध सह्या सापडल्या. तुमचे पाच उमेदवार बाद झाले. त्यांत सर्वेक्षणांत आघाडीवर असलेले डेट्रॉईटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग आणि स्वतःचे पैसे खर्च करू शकणारे पेरी जॉन्सन हे दोघेही. यात कट नव्हता. कागद दाखल करण्याआधी त्यातली शे-दोनशे नावे मतदारयादीतल्या सहीशी ताडून पाहिली असती, तर एका दुपारात गडबड लक्षात आली असती, आणि नवीन सह्या घ्यायला वेळही उरला असता. ते न झाल्यामुळे डेमोक्रॅट गव्हर्नर व्हिटमर यांच्यासमोर पैसा आणि ओळख दोन्ही कमी असलेल्या टुडर डिक्सन राहिल्या आणि साडेदहा टक्क्यांनी हरल्या.

गर्भपाताच्या प्रश्नावर तुमच्यात दोन टोकाची मते ऐकू येतात: सगळे त्यामुळेच झाले, किंवा त्याने काहीच झाले नाही. दोन्हींना आकड्यांचा आधार नाही. गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढून घेणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ जूनला आला. २ ऑगस्टला कॅन्सससारख्या तुमच्या राज्यात गर्भपाताचे संरक्षण काढण्याचा प्रस्ताव ५९ विरुद्ध ४१ ने पडला. पण सहा आठवड्यांच्या बंदीवर सही करणारे केम्प साडेसात टक्क्यांनी जिंकले, डिवाइन त्याहून कितीतरी जास्त. या मुद्द्याची धार जिथे कायदा काय राहणार हे मतपेटीवर अवलंबून होते तिथे लागली. मिशिगनमध्ये १९३१ चा गर्भपातबंदीचा कायदा जागा होण्याच्या बेतात होता आणि गर्भपाताचा हक्क देणारा तिसरा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर होता. तो जवळपास ५७ टक्क्यांनी मंजूर झाला. विस्कॉन्सिनमध्ये कायदा १८४९ चा. पेनसिल्व्हेनियात एक्झिट पोलने या मुद्द्याला महागाईच्याही वर नोंदवले, कारण तिथे विधिमंडळ आणि बंदी यांच्यामध्ये फक्त गव्हर्नरची सही उभी होती, आणि तुमचा उमेदवार बलात्काराचाही अपवाद न मानणारा होता. अशा वेळी तुमचे सिनेटर लिंडसे ग्रॅहॅम यांनी १३ सप्टेंबरला पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर देशव्यापी बंदीचे विधेयक मांडले. 'हा प्रश्न राज्यांचा' असे महिनाभर सांगत फिरणाऱ्या तुमच्याच उमेदवारांना त्यांनी खोटे पाडले. फेब्रुवारीत पक्षाच्या सिनेट प्रचार समितीचे अध्यक्ष रिक स्कॉट यांनी असेच केले होते. सगळे संघीय कायदे पाच वर्षांनी आपोआप संपावेत असे त्यांच्या आराखड्यात होते, आणि मग सोशल सिक्युरिटी (ज्येष्ठांचे निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (त्यांचा आरोग्य विमा) त्यात येतात का, याचे उत्तर प्रत्येक उमेदवाराला ज्येष्ठांच्या सभेत द्यावे लागले.

पैशाबद्दल बोलताना एकूण रक्कम सांगू नका. कोणाच्या खात्यातला पैसा ते सांगा. संघीय कायद्यानुसार मतदानाआधीच्या ६० दिवसांत (या वेळी ९ सप्टेंबरपासून) टीव्ही केंद्रांनी उमेदवाराला सगळ्यात कमी दराने जाहिरात द्यावी लागते. बाहेरच्या गटाला ही सवलत नाही. त्याच वेळेसाठी तो दुप्पट-तिप्पट मोजतो, शेवटच्या आठवड्यांत त्याहूनही जास्त. वॉर्नॉक आणि ॲरिझोनात मास्टर्स यांना हरवणारे मार्क केली यांनी छोट्या देणगीदारांकडून स्वतःच्या खात्यात प्रचंड पैसा जमवला. मास्टर्स, ऑझ, बोल्डक यांची खाती त्यांच्या मानाने रिकामी होती आणि जाहिरातींचा भार मॅककॉनेल यांच्या गटावर पडला. म्हणजे कागदावर दोन्ही बाजूंचा खर्च सारखा दिसला तरी पडद्यावर तुमच्या जाहिराती निम्म्याच. त्यात स्कॉट यांच्या सिनेट समितीने जुलैअखेर १८ कोटी १५ लाख डॉलर जमवले आणि त्यातले ९५ टक्क्यांहून जास्त तोवर खर्चही केले, बराचसा भाग नवीन देणगीदार शोधण्याच्या ऑनलाइन जाहिराती आणि संदेशांवर. त्या याद्या पुन्हा पुन्हा पिळल्या की देणगीदार आटतो, आणि उमेदवाराच्या खात्याकडे वळणारा झरा तिथेच सुकतो. ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनिया, ॲरिझोना आणि विस्कॉन्सिनमधल्या राखीव जाहिराती रद्द कराव्या लागल्या. न्यू हॅम्पशरची प्राथमिक निवडणूक १३ सप्टेंबरला, म्हणजे मतदानाला ५६ दिवस असताना. स्वस्त दराची खिडकी उघडली तेव्हा तुमच्याकडे उमेदवारच ठरला नव्हता.

टपाली आणि आगाऊ मतदानाबद्दलचा तुमचा राग आम्हाला कळत नाही. पेनसिल्व्हेनियाचा कायदा २०१९ मध्ये तुमच्याच बहुमताच्या विधिमंडळाने केला. ऑझ आणि त्यांचे डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी फेटरमन यांची एकमेव वादचर्चा २५ ऑक्टोबरला झाली. पक्षाघातातून सावरणाऱ्या फेटरमन यांना बोलताना होणारा त्रास सगळ्या राज्याने पाहिला, पण तोवर सहा लाखांहून अधिक मतपत्रिका भरून परत आल्या होत्या. त्या घरांत तुमचा कार्यकर्ता गेलाच नव्हता. मधल्या काळात समितीचे वकील बाहेरच्या पाकिटावर तारीख नसलेली मते मोजू नयेत म्हणून न्यायालयात लढत होते. खटला तुम्ही जिंकलात, सिनेटची जागा मात्र जवळपास पाच टक्क्यांनी हरलात.

आगाऊ मताचा खरा फायदा हिशेबाचा असतो. कोणाची मतपत्रिका परत आली याची यादी बहुतेक राज्यांत मोहिमेला जवळपास रोज मिळते. नाव आले की काट मारायची. त्या दारात पुन्हा माणूस पाठवायचा नाही, फोन नाही, टपालाने पत्रक नाही. शेवटच्या आठवड्यात सगळी माणसे उरलेल्या ढिल्या नावांवर लावता येतात. 'मतदानाच्या दिवशीच या' असे सांगितले की यादी शेवटपर्यंत पूर्ण राहते आणि एका दिवसाच्या अडचणीवर सगळे अवलंबून राहते. ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत नेमके ते झाले. २२३ केंद्रांपैकी साठ-सत्तर केंद्रांवर सकाळी प्रिंटरमधून मतपत्रिकेची छपाई फिकी येऊ लागली आणि मोजणी यंत्रे ती परत फेकू लागली. पर्याय होता: मतपत्रिका यंत्राखालच्या तिसऱ्या पेटीत टाकायची, संध्याकाळी ती मध्यवर्ती केंद्रावर मोजली जाते. राज्यातल्या तुमच्याच नेतृत्वाने लोकांना सांगितले की त्या पेटीत टाकू नका. रांगा वाढल्या. त्या दिवशी रांगेत जास्त करून कोण होते हे वेगळे सांगायला नको. डेमोक्रॅटांची बरीचशी मते केव्हाच जमा झाली होती. जॉर्जियात २६ नोव्हेंबरच्या शनिवारी मतदान होऊ नये म्हणूनही तुमची बाजू न्यायालयात गेली आणि हरली. त्या एका शनिवारी सुमारे ७० हजार लोकांनी मत दिले.

सर्वेक्षणांवर थोडक्यातच. वॉशिंग्टन राज्यात सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच प्राथमिक मतपत्रिकेवर असतात, म्हणून तिचा निकाल नोव्हेंबरचा चांगला अंदाज देतो. २ ऑगस्टला डेमोक्रॅट सिनेटर पॅटी मरे यांना ५२ टक्के आणि तुमच्या टिफनी स्मायली यांना ३४ टक्के मते मिळाली होती. तरी शेवटच्या आठवड्यांत तुमच्या बाजूला झुकणाऱ्या एका सर्वेक्षण संस्थेने ही लढत टक्काभर फरकाची दाखवली. मरे साडेचौदा टक्क्यांनी जिंकल्या. गर्भपाताच्या निकालानंतरच्या पोटनिवडणुकांत नेब्रास्काचा पहिला आणि मिनेसोटाचा पहिला मतदारसंघ तुम्ही राखलात, पण ट्रम्प यांच्या आघाडीच्या निम्म्या किंवा त्याहून कमी फरकाने. ही मते खऱ्या मतपेटीतली होती आणि फुकट उपलब्ध होती.

आणि जिथे जमले ते कसे? बहुमत तुम्हाला फ्लोरिडा आणि न्यूयॉर्कने दिले. फ्लोरिडात नव्या नकाशाने १६ च्या २० जागा केल्या आणि गव्हर्नर डिसँटिस १९ टक्क्यांनी जिंकले. न्यूयॉर्कमध्ये न्यायालयाने डेमोक्रॅटांचा नकाशा रद्द केला, गव्हर्नरपदाचे तुमचे उमेदवार ली झेल्डिन यांनी गुन्हेगारी हा एकच विषय धरून ठेवला, आणि लाँग आयलंडच्या चारही जागांसह २६ पैकी ११ जागा आल्या. तिथे गर्भपाताचा कायदा कोणीही जिंकले तरी बदलणार नव्हता, हेही विसरू नका. त्या अकरातले जॉर्ज सँटोस यांनी शिक्षण आणि नोकरीबद्दल खोटे सांगितल्याचे डिसेंबरात कबूल केले. छाननी इथेही झाली नव्हती. फक्त बिंग मतदानानंतर फुटले.

प्राथमिक निवडणुकीचे कायदे राज्यांच्या हातात आहेत, समितीच्या नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. पण तुमच्या अकराव्या नियमानुसार, लढत असलेल्या प्राथमिक निवडणुकीत समितीने एका बाजूला मदत करायची असेल तर त्या राज्याच्या तिन्ही सदस्यांची लेखी संमती लागते. म्हणजे दार बंद नाही. चावी तुम्हा तिघांकडे आहे. त्याच्याही अलीकडे करता येण्यासारखे बरेच आहे. पक्षाच्या मतदारयादीचा डेटा ज्याला हवा, त्याने आधी पदव्या, नोकऱ्या, न्यायालयीन आणि घटस्फोटाची कागदपत्रे, मागची पाच वर्षे कुठे राहिला त्याचे पुरावे आणि उमेदवारी अर्जाच्या सह्यांचा नमुना तपासून घ्यावा, एवढी अट घालता येते. न्यू हॅम्पशर आणि ॲरिझोनातल्या तुमच्या आमदारांना प्राथमिक निवडणूक मे-जूनमध्ये आणायला सांगता येते. निम्म्या मतांची अट दुसऱ्या फेरीने आणा किंवा पसंतीक्रमाने (मतदार उमेदवारांना एक, दोन, तीन असा क्रम देतो). अलास्कात त्या पद्धतीने जागा गेल्यानंतर पसंतीक्रमाचे नाव काढले की तुमच्यात आरडाओरडा होतो, पण व्हर्जिनियात मे २०२१ मध्ये तुमच्याच पक्षाने त्याच पद्धतीने सहाव्या फेरीत ग्लेन यंगकिन यांची निवड केली आणि त्या नोव्हेंबरात ते गव्हर्नर झाले.

डाना पॉइंटला तिन्ही उमेदवारांना विचारायचा प्रश्न आमच्या मते एकच: केम्पला मत देऊन वॉकरला न देणारे दोन लाख लोक कोणत्या काउंट्यांत राहतात, आणि त्यांच्या दारात कोणाला पाठवणार? २०२४ मध्ये डेमोक्रॅट आणि त्यांच्यासोबत बसणाऱ्या अपक्षांच्या २३ सिनेट जागा पणाला आहेत. मोंटाना, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियात इच्छुकांची हालचाल येत्या काही महिन्यांत वेग घेईल. कागद तपासायचे ते त्याआधी.

आपले,
निकालांचे आकडे वाचणारे काही मराठी अमेरिकी मतदार